मताला कारण असावें काय?

मनुष्य आपल्या आवडीनिवडी सांगतो ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. जेवण झाल्यावर भाजीविषयीं, कीर्तन झाल्यावर बुवांविषयीं आणि नाटक सुटल्यावर नटांविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून कोणत्याही काळच्या माणसाला चैन पडलेलें नाहीं. नवी गोष्ट आहे ती एवढीच, कीं आतां ते दोन शब्द बोलण्याचे श्रमही आपण घेत नाहीं. चित्रपट पाहून उठलेला गृहस्थ ‘दहापैकीं सहा’ म्हणतो, किंवा पांच चांदण्यांपैकीं साडेतीन चांदण्या त्याच्या पदरांत टाकतो, आणि आपण मत दिलें असें समजतो. ऐकणाराही तें मत म्हणूनच घेतो. हा विषय थट्टेवारी नेतां येण्यासारखा आहे. परंतु मला तो नीतीचा वाटतो. दुसऱ्याच्या कृतीवर निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला कशानें येतो, आणि तो वापरतांना आपल्यावर कोणतें बंधन पडतें, हा त्यांतला खरा प्रश्न होय.

गेल्या हिवाळ्यांत गोंदिया जिल्ह्यांतील बोदलकसा येथें चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां हा प्रश्न माझ्यापुढें स्पष्ट रूपानें उभा राहिला. तिरोडा तालुक्यांतील हा तलाव १९१७ सालचा. भोंवतीं रान आहे, नागझिऱ्याचें अरण्यही तेथून फार दूर नाहीं. थंडीच्या दिवसांत दूरदेशचे पक्षी पाण्यावर उतरतात आणि त्यांना पाहण्यासाठीं गोंदियाहून, नागपुराहून माणसें येतात. संध्याकाळीं तलावाच्या पाळीवर बसून पक्ष्यांविषयीं बोलावें अशी सर्वांची इच्छा असते. पण बोलणें घटकाभरांतच चित्रपटांवर येतें. आमच्या परिचयाचें एक सुविद्य कुटुंब तेथें होतें. महिन्याभरांत घरीं बसून पाहिलेल्या चित्रपटांची उजळणी चालली होती आणि प्रत्येकाला गुण मिळत होते. ‘सैराट’चें नांव निघालें. कन्येनें नऊ गुण दिले. वडिलांनीं तीन दिले.

“कां, बाबा?” तिनें विचारलें.

“माझें मत आहे तें. मताला ‘कां’ नसतो.”

कोणी रागावलें नाहीं, कोणाचा आवाज चढला नाहीं. मुलगी पाण्याकडे पाहूं लागली आणि गोष्ट दुसऱ्या चित्रपटाकडे वळली. प्रसंग एवढाच. परंतु ‘मताला कां नसतो’ हें वाक्य मला विचार करण्यासारखें वाटलें. कारण तें त्या एका गृहस्थांचें नाहीं, आजच्या पुष्कळशा सुशिक्षित घरांतलें तें अलिखित सूत्र आहे. ‘ज्याची त्याची आवड’ ह्या उदार दिसणाऱ्या वचनाचा तो एक दुसरा अवतार आहे. हें सूत्र खरें मानलें तर वाद संपतो हें खरें; पण त्याबरोबर संवादही संपतो.

गुण देणें हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळें त्याविषयीं दोन शब्द अधिकारानें बोलतां येतील. उत्तरपत्रिकेवर मी जो अंक लिहितों, त्याच्या पाठीमागें बरीच व्यवस्था उभी असते. प्रश्न अगोदर ठरलेले असतात आणि ते सर्वांना सारखेच असतात. अभ्यासक्रम विद्यार्थ्याला ठाऊक असतो. कोणत्या मुद्द्याला किती गुण हें परीक्षकाला बांधून दिलेलें असतें. आणि इतकें करूनही विद्यार्थ्याला आपली पत्रिका पुन्हा तपासून घेण्याची सोय ठेवलेली असते. म्हणजे परीक्षेंतला अंक हा परीक्षकाच्या लहरीला घातलेल्या लगामांचा परिणाम असतो. हे सारे लगाम काढून घेतले, आणि केवळ अंक तेवढा ठेवला, तर जें उरतें त्याला परीक्षा म्हणतां येणार नाहीं. चित्रपटाच्या बाबतींत नेमकें हेंच घडतें. प्रत्येक चांगला चित्रपट आपला प्रश्न आपणच काढतो आणि त्याचें उत्तर आपणच देतो. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नें (१९५३) घातलेला प्रश्न एक, आणि चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’नें (२०१४) घातलेला प्रश्न अगदींच निराळा. पहिल्यांत माउलीची शिकवण मनांत कशी रुजते हें पाहावयाचें आहे. दुसऱ्यांत एका वृद्ध शाहिरावर चाललेल्या खटल्यांतून न्यायालयाची थंड रीत पाहावयाची आहे. दोघांनाही ‘आठ’ दिले, तर त्या दोन आठांत समान असें काय आहे? मला तरी देणाऱ्याच्या हातापलीकडे कांहीं समान दिसत नाहीं.

आतां दुसरी बाजू न ऐकतां निकाल देणें हा मी ज्याला दोष म्हणतों त्याच दोषाचा नमुना होईल. म्हणून ती प्रथम मांडतों. आयुष्य थोडें आहे आणि चित्रपट अगणित आहेत. बोदलकशासारख्या ठिकाणच्या कुटुंबाला चित्रगृहांत जावयाचें म्हणजे प्रवास आला, तिकिटांचे पैसे आले, एक दिवसाची मजुरी बुडणें आलें. अशा माणसाला कोणी लांबलचक परीक्षण वाचून दाखवावें काय? ‘बरा आहे’ किंवा ‘वाईट आहे’ एवढें त्याला कळलें तरी पुरे. शिवाय हजारों लोकांनीं दिलेल्या गुणांची सरासरी ही एखाद्या विकत घेतलेल्या लेखणीपेक्षां अधिक विश्वासाची, असेंही म्हणतां येईल. एकाला फितवितां येतें, हजारांना फितविणें कठीण. ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. वाटेवरच्या मैलाच्या दगडाची योग्यता अंकाला जरूर आहे. परंतु मैलाचा दगड गांव किती दूर आहे हें सांगतो; तेथें राहण्यासारखें आहे कीं नाहीं हें तो सांगत नाहीं.

सरासरीचीच गोष्ट घ्या. दहा माणसांनीं एक चित्रपट पाहिला. पांचांनीं त्याला नऊ गुण दिले व पांचांनीं एक दिला. सरासरी पांच आली. दुसरा चित्रपट दहा जणांनीं पाहिला आणि दहाही जणांनीं जांभई देत पांच गुण दिले. त्याचीही सरासरी पांचच. पहिला चित्रपट कांहींच्या काळजाला जाऊन भिडला आणि कांहींना असह्य झाला; दुसरा कोणाच्याच अंगाला लागला नाहीं. अंकाच्या दरबारांत दोघेही एका आसनावर! ‘कोर्ट’मध्यें एक जागा अशी आहे, कीं न्यायालय रिकामें होतें, दिवे एकामागून एक मालवले जातात आणि अखेर पडद्यावर काळोख राहतो. त्या काळोखाला कोणी ‘कंटाळवाणा’ म्हणेल, आणि कोणी म्हणेल कीं साऱ्या खटल्याचा निकाल त्या काळोखांतच लागला. हीं दोन मतें एकत्र ढवळून त्यांतून मध्यम चवीचें पाणी काढणें हा सत्याचा शोध नव्हे. तिरोड्याहून गोंदियास जाणाऱ्या कुटुंबाला त्या पांच ह्या अंकाचा उपयोग तो काय? त्याला हवें आहे तें एवढेंच, कीं कोणीतरी सांगावें: ‘चित्रपट संथ आहे, गाणीं नाचण्यासारखीं नाहींत, पण कोर्टकचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या माणसाला तो आपलासा वाटेल.’ ह्या एका वाक्यांत अंक नाहीं. पण माणूस त्यावरून आपला निर्णय आपण घेऊं शकतो.

ह्याहून गंभीर आक्षेप पुढेंच आहे. अंक चित्रपटाविषयीं फार थोडें सांगतो हें तर खरेंच. पण तो देणाराला संपूर्ण झांकून टाकतो, हा त्याचा खरा अपराध. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ सालीं आला आणि मराठी चित्रपटानें पूर्वीं कधीं मिळविला नव्हता इतका पैसा त्यानें मिळविला. त्यांतील आर्ची बुलेट चालविते, ट्रॅक्टर हांकते, वर्गांत मुलाकडे नजर रोखून पाहते. ती वरच्या जातीच्या श्रीमंत पुढाऱ्याची मुलगी आहे आणि तिनें निवडलेला परश्या पारध्याचा मुलगा आहे. ह्या चित्रपटाला कोणी तीन गुण दिले, तर ते कशाकरितां? उत्तरार्ध लांबला म्हणून? पूर्वार्धांतील गाण्याबजावण्याचा थाट त्याच्या भीषण शेवटाशीं जुळत नाहीं म्हणून? हीं दोन्ही कारणें सभ्य आहेत, त्यांवर बोलतां येईल, कदाचित् पटतीलही. पण मुलीनें इतकें धीट असूं नये, किंवा अशा घरच्या मुलीनें तशा घरच्या मुलाकडे पाहूं नये, असें मनांत असेल तर? तींही माणसें तीनच गुण देतील. ‘तीन’ ह्या अंकाच्या पदराआड कलेची चिकित्सा आणि जातीचा ताठा हीं दोन्ही सारख्याच सुखानें बसूं शकतात. तोंडानें कारण सांगावयाचें ठरविलें, तर पहिला मनुष्य सहज सांगेल. दुसरा अडखळेल, आणि त्या अडखळण्यांतच त्याला आपल्या मनाचा पत्ता लागण्याचा संभव आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. केवळ मराठी म्हणून, केवळ आपल्या गांवचा दिग्दर्शक म्हणून, किंवा विषय पुरोगामी आहे म्हणून दिलेले नऊ गुण हेही असेच पदराआडचे होत. ज्या कन्येनें नऊ दिले, तिलाही ‘कां’ विचारला गेला असता तर बरें झालें असतें. प्रश्न तिनें विचारला. तिला तो कोणी विचारला नाहीं. प्रश्न विचारणें हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे, तसा तो बोलणाऱ्याला दिलेला मानही आहे. तुझ्या बोलण्यामागें कांहीं विचार असलाच पाहिजे, असें आपण त्यांतून कबूल करतों.

आपल्याकडे ह्याविषयींचा विचार फार पूर्वींच झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहितांना अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं एक असें, कीं प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांत इतका गुरफटलेला असतो कीं समोर चाललेल्या गोष्टीपर्यंत तो पोंचतच नाहीं. हें विघ्न दूर व्हावें म्हणूनच गीत, वाद्य, सजलेला रंगमंडप वगैरे योजना असते असें तो म्हणतो. ह्यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं आस्वाद फसला तर दोष नेहमीं कलाकृतीचाच असतो असें आपल्या पूर्वजांनीं मानलें नाहीं. तो प्रेक्षकाच्याही ठिकाणीं असूं शकतो. ‘सहृदय’ ही त्यांनीं योजिलेली पदवी फुकट मिळणारी नव्हती. आज आपण चित्रपटाची परीक्षा घेतों, पण आपलीही परीक्षा त्याच वेळीं चालली आहे हें विसरतों. कारण सांगणें म्हणजे ह्या दुसऱ्या परीक्षेला स्वखुषीनें बसणें होय.

येथें एक शंका येईल. सर्वांनींच कारणें द्यावींत असा आग्रह धरला, तर ज्यांना पुस्तकी भाषा येत नाहीं अशा साध्या माणसांचें तोंड बंद होणार नाहीं काय? मत हें मग पंडितांचेंच मिरासीचें धन होईल. शंका प्रामाणिक आहे. परंतु तिचें उत्तर मला बोदलकशासच मिळालें. आमच्या विश्रामगृहाचा चौकीदार आदल्या रात्रीं शेजारच्या गांवीं नाटक पाहून आला होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या भाताच्या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली कीं तेथें नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा देसाईगंज हें नाटकमंडळ्यांचें केंद्र. तिकीट काढून आलेलीं माणसें थंडीत पहांटेपर्यंत बसतात. ह्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे ह्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. मीं चौकीदाराला विचारलें, नाटक कसें झालें? त्यानें गुण सांगितले नाहींत. तो म्हणाला, बापाचें काम करणारा नट चांगला होता. पण लेकीच्या पाठवणीच्या वेळीं रडतांना त्यानें लोकांकडे पाठ केली, खांदे तेवढे हलत होते, आणि मागें बसलेल्या बायकांना वाटलें कीं तो हसतो आहे. रडणें खरें होतें, पण मागच्या माणसापर्यंत आलें नाहीं.

ह्याहून चांगलें परीक्षण मला महाविद्यालयांत वर्षानुवर्षें शिकवूनही क्वचितच वाचावयास मिळालें आहे. त्यांत नटाचा गौरव आहे, दोष आहे, दोषाची जागा आहे, आणि मागें बसणाऱ्यांची काळजी आहे. मुख्य म्हणजे ज्यानें तें नाटक पाहिलें असेल त्याला ‘नाहीं बुवा, मीही मागेंच होतों, मला रडणेंच दिसलें’ असें म्हणण्यास जागा आहे. कारण म्हणजे विद्वत्ता नव्हे. कारण म्हणजे बोट दाखविणें: हें पाहा, येथें, ह्या ठिकाणीं. बोट ज्याला आहे त्याला तें दाखवितां येतें. त्यासाठीं पदवी लागत नाहीं. किंबहुना अंकाचा आश्रय घेण्याची संवय शिकलेल्यांनाच अधिक. परीक्षांच्या चरकांतून तेच गेलेले असतात.

कारण दिलें म्हणजे सारें साधलें असेंही नव्हे. बाबूराव पटेल यांनीं १९३५ सालीं मुंबईंत ‘फिल्मइंडिया’ हें इंग्रजी मासिक सुरू केलें. त्यांच्या परीक्षणांची धार त्या काळीं सर्वत्र गाजत होती. ते निर्भीड होते, आणि आपलें म्हणणें आडपडदा न ठेवतां मांडीत. पण शब्दांचा मारा जेव्हां वाचकाला चित्रपटापेक्षांही अधिक रंजक वाटूं लागतो, तेव्हां कारणें हीं केवळ प्रहाराचीं निमित्तें होऊन बसतात. निंदेची एक नशा असते. तीन तासांच्या चित्रपटामागें शेंकडों माणसांचे श्रम असतात. ते वाया गेले असें म्हणण्याचा प्रसंग येतो, आणि तेव्हां तें म्हटलेंच पाहिजे. पण म्हणतांना आपल्याला सुख होत असेल, तर क्षणभर थांबावें. आपण चित्रपटाविषयीं बोलत आहों कीं आपल्या चातुर्याविषयीं, हें स्वतःला विचारून घ्यावें.

मग मत द्यावें तरी कसें? मला सुचतें तें असें. प्रथम काय पाहिलें तें सांगावें. आवडलें कीं नावडलें हें मागाहून. दुसरें, ‘मला आवडला’ आणि ‘चांगला आहे’ हीं दोन वाक्यें निरनिराळीं ठेवावींत. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरांत मुंबईस लागला; पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत तो गौरविला गेला. घरच्या प्रेक्षकांत विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेंत प्रत्यक्ष तुकोबा पाहणारे भाविक होते. परदेशच्या परीक्षकांना तुकोबांचें नांवही नवें असणार. भाविकाला जें आवडलें तें परीक्षकाला चांगलें वाटलें असेलच असें नाहीं, आणि उलटही नाहीं. दोघांचीं कारणें वेगळीं, पण दोघांचींही कारणें सांगण्यासारखीं होतीं. आपल्याला न आवडलेली गोष्ट चांगली असूं शकते आणि आवडलेली गोष्ट हलकी असूं शकते, हें ज्याला मोकळेपणानें म्हणतां येतें त्याची अभिरुचि प्रौढ झाली असें समजावें. तिसरें, मत हें बदलण्यासाठीं मोकळें ठेवावें. अंक एकदां उच्चारला कीं मनुष्य त्याला चिकटून बसतो, कारण अंक बदलणें म्हणजे हार वाटते. कारण मात्र दुरुस्त करतां येतें, त्यांत भर घालतां येते, आणि त्यांत कमीपणा नसतो.

हें सारें चित्रपटांपुरतेंच असतें तर ह्या मासिकाचीं इतकीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. पण ज्या घरांत चित्रपटाला ‘तीन’ म्हणून विषय मिटवितां येतो, त्या घरांत पुढें मुलीच्या मैत्रिणीला, मुलाच्या धंद्याला, सुनेच्या नोकरीला आणि लेकीनें निवडलेल्या वरालाही तसेच मुके गुण मिळूं लागतात. तेथेंही ‘माझें मत’ एवढें म्हटलें कीं पुरें होतें. आणि तेथें नापास झालेल्याला पुनर्तपासणीचा अर्ज करण्याची सोय नसते. चित्रपट ही त्या मानानें निरुपद्रवी गोष्ट आहे, आणि म्हणूनच कारण देण्याचा सराव करण्यास ती उत्तम. तेथें चुकलें तरी कोणाचें आयुष्य मोडत नाहीं. वडीलधाऱ्यांनीं लेकरांपुढें आपलीं कारणें मांडावींत, तीं कच्ची ठरलीं तर ठरूं द्यावींत; त्यानें त्यांचा मान कमी होत नाहीं. उलट, आपल्या बापालाही ‘कां’ विचारतां येतो आणि तो त्याचें उत्तर देतो, हें ज्या मुलीनें घरीं पाहिलें, तिला बाहेरच्या जगांत कोणाच्याही नुसत्या अंकाचें भय वाटणार नाहीं.